शून्यपट्टी

जळका वास आधी अंबादास चिट्याल यांना आला. त्यांना वाटले, एखादा जोड जळाला असेल. सोलापूरच्या अहिंसा संशोधन केंद्रात असे आठवड्यातून एकदा व्हायचेच. ते खुर्चीवरून उठले, टेबलांवरून नजर फिरवली आणि ओरडले, “ओ सर! हात! हात काढा की!”

डॉ. मुकुंद हिंगमिरे यांनी खाली पाहिले. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईला टेकली होती. त्यांनी हात उचलला. कातडी पांढरी पडली होती. त्यांनी ती दिव्याखाली धरून पाहिली.

“दुखत नाही,” ते म्हणाले.

“दुखत नाही काय? मला नुसतं बघून दुखायला लागलंय.”

ओरडा ऐकून पलीकडच्या खोलीतून डॉ. तस्नीम बागवान आल्या. त्या मज्जातंतूंच्या डॉक्टर. केंद्र सुरू झाले तेव्हापासून हे तिघे एकत्र काम करत होते. हिंगमिरे यांनी कल्पना काढायची, अंबादास यांनी यंत्र बनवायचे आणि तस्नीम यांनी ते माणसाच्या शरीरात काय करते ते पाहायचे.

त्यांनी हिंगमिरे यांचा हात नळाखाली धरला. मग त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि पेनाच्या टोकाने तळहात, मनगट, कोपर, कान, असे एकेका जागी टोचले.

“कुठे टोचतेय?”

“टोचताय का?” हिंगमिरे यांनी विचारले.

तस्नीम यांनी पेन खाली ठेवले. “कधीपासून?”

“गिरिजा गेली तेव्हापासून. आठ महिने. दुःखानं माणूस सुन्न होतो म्हणतात.”

“होतो. पण बोट भाजलेलं कळत नाही, इतका नाही होत. मला आधी का नाही सांगितलंत?”

हिंगमिरे यांनी हात रुमालाने पुसला. सांगण्यासारखे फार नव्हते. चहा गरम आहे की गार, ते वाफ पाहून कळायचे. चप्पल पायात आहे की नाही, ते खाली बघून कळायचे. गिरिजाबाईंना सरणावर ठेवले तेव्हा ते समोर उभे होते आणि आपल्याला आता रडू येईल म्हणून वाट पाहत होते. ते आले नाही. मुलगी उमा शेजारी होती. ती म्हणाली, “बाबा, तुमच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही?” त्यानंतर ती जिल्ह्यातच, बार्शीला, तिच्या कॉलेजवर परत गेली आणि बोलायची बंद झाली. तिने फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. एकदा रडू यावे, एवढीच हिंगमिरे यांची इच्छा उरली होती. सकाळी दाढी करताना ते आरशात डोळ्यांकडे बघत. डोळे कोरडे असत.

“गुरुवारी दिल्लीची समिती येतेय,” ते म्हणाले. “आधी पट्ट्यांची तपासणी उरकू.”

पट्टी म्हणजे बधिरपट्टी. केंद्राने काढलेली आणि गेली पाच वर्षे सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक मनगटावर असलेली. तिच्यामागचे तत्त्व साधे होते. एका माणसाने दुसऱ्याला दुखावले की दुखावलेल्याच्या मज्जातंतूंमध्ये एक विशिष्ट लहर उठते. हिंगमिरे यांनी तिला घावलहर असे नाव दिले होते. ती आपोआप पडल्या-धडपडल्यावर उठत नाही, फक्त दुसऱ्या माणसाकडून लागल्यावरच उठते. दुखावणाऱ्याच्या शरीरातही त्याच क्षणी तिची जोडीदार लहर असते. दोन पट्ट्या एकमेकींना ओळखतात आणि दुखावणाऱ्याची पट्टी त्याचा तो अवयव बधिर करते. आवाज होत नसला तरी लोक ह्याला पट्टी वाजणे म्हणत. थप्पड मारली तर हात. लाथ मारली तर पाय. शिवी दिली तर जीभ. जेवढा घाव, तेवढा वेळ.

शिक्षा नव्हती, वेदना नव्हती, तुरुंग नव्हता. मारणाऱ्यालाही इजा करायची नाही, फक्त त्याचा हात थांबवायचा, अशी अट हिंगमिरे यांनी पहिल्या दिवशी कागदावर लिहिली होती. पहिल्या वर्षी मंडईत लुळे हात लोंबकळवत चालणारी माणसे दिसायची. भाजीवाल्या बायका विचारायच्या, “काय दाजी, आज डाव्या हातानं निवडताय? वैनी बऱ्या आहेत ना?” दुसऱ्या वर्षी ती माणसे कमी झाली. तिसऱ्या वर्षी फोनवरच्या शिव्याही पट्टीच्या कक्षेत आल्या. आता हाताने, पायाने किंवा तोंडाने कुणी कुणाला मारत नव्हते. समितीला हेच देशभर न्यायचे होते.

“तपासणीआधी माझ्या अहवालाचं बोला,” तस्नीम म्हणाल्या. “तीन आठवडे तुमच्या टेबलावर पडलाय.”

“वाचला.”

“मग सही?”

“त्यात तुम्ही अबोल्याला हिंसा म्हटलंय. ते मला मान्य नाही.”

अंबादास यांनी खुर्ची जवळ ओढली. “काय म्हणताय मॅडम? अबोला धरला की पट्टी वाजणार? मग आमच्या घरचं कसं व्हायचं!”

“हसू नका, अंबादासभाऊ. माझ्या दवाखान्यात रोज माणसं येतात. झोप नाही, अन्न जात नाही, छातीत धडधड. पट्टी बघितली तर एकही घाव नाही. घरी कुणी हात लावत नाही, कुणी शिवी देत नाही. फक्त बोलत नाहीत. एक बाई सांगत होती, नवरा दोन वर्षं बोललेला नाही. ती भिंतीकडे बघून म्हणते, ‘कुणाला हवा असेल तर चहा ठेवलाय.’ तो येऊन पितो. ह्या शहरात आता मारता येत नाही म्हणून लोक गप्प बसायला शिकलेत. पट्टी त्याला शून्य म्हणते.”

“कारण ते शून्यच आहे,” हिंगमिरे म्हणाले. ते शांतपणे बोलत होते. “गप्प बसणं म्हणजे असहकार. अहिंसेचं सगळ्यात स्वच्छ साधन. मी गिरिजावर कधी हात उचलला नाही. आवाज चढवला नाही. राग आला तर बोलत नसे. बस.”

“किती दिवस?”

“कधी आठवडा. कधी महिना. एकदा चौदा महिने.”

अंबादास यांनी मान खाली घातली. तस्नीम यांनी विचारले, “कशावरून?”

“माझा सत्कार होता. पाहुण्यांसमोर ती हसत हसत म्हणाली, ‘हे रागावले की माझं भिंतीशी लग्न झाल्यासारखं वाटतं.’ सगळे हसले.”

“आणि तुम्ही चौदा महिने भिंत झालात.”

“मी तिला काही केलं नाही.”

“ताईंना माहीत होतं, तुम्ही का बोलत नाही ते?”

“तिला कळायला हवं होतं.”

“सर, असहकार करणारा आधी सांगतो की मला अमुक चूक वाटतं, अमुक झालं की मी थांबेन. त्याचा त्रास तो स्वतः सोसतो. उपवास करणारा स्वतः उपाशी राहतो. तुम्ही दुसऱ्याला उपाशी ठेवलंत.”

हिंगमिरे यांनी करंगळीकडे पाहिले. फोड आता वर येऊ लागला होता. “तसं असतं तर माझी पट्टी वाजली असती,” ते म्हणाले. “अकरा वर्षं हातात आहे. एकदाही वाजली नाही.”

हे खरे होते आणि सगळ्या जिल्ह्याला माहीत होते. पहिल्या दोन पट्ट्या अकरा वर्षांपूर्वी बनल्या. एक हिंगमिरे यांनी बांधली, दुसरी गिरिजाबाईंनी. यंत्राला शून्य कुठे आहे ते शिकवावे लागते. दोन माणसे एका घरात राहिली की किरकोळ खरचटणे होणारच, ते किती धरायचे आणि किती सोडायचे? एक वर्षभर हिंगमिरे यांच्या घरातली पातळी मोजली गेली. त्या वर्षात त्यांची पट्टी एकदाही बधिर करायला निघाली नाही. तेव्हा ठरले, हे हिंसा नसलेले घर. ह्या घरातली पातळी म्हणजे शून्य. पुढच्या सगळ्या पट्ट्या ती पातळी वजा करूनच घाव मोजत. फक्त पहिल्या दोन तशाच राहिल्या होत्या, काहीही वजा न करणाऱ्या. हिंगमिरे यांच्या पट्टीला केंद्रात सगळे शून्यपट्टी म्हणत.

“मग बघूच या शून्यपट्टी,” तस्नीम म्हणाल्या. “अंबादासभाऊ, लावा.”

अंबादास यांनी हिंगमिरे यांच्या मनगटाला तार जोडली. पडद्यावर रेषा उमटल्या. अंबादास यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“सर, ही चालू आहे.”

“चालूच असते.”

“तसं नाही. बधिर करणं चालू आहे. तुम्हाला बधिर करतेय. आठ महिने.”

“अवयव कोणता?”

“कुठलाच नाही. सगळंच. घाव कशानं केला ते तिला सापडत नाहीये. हात नाही, पाय नाही, जीभ नाही. म्हणून सगळ्या अंगावर पातळ पसरलीय. अंग लुळं पडत नाही, नुसतं जाणवणं जातं.” त्यांनी आवाज खाली आणला. “जोडीची पट्टी क्रमांक दोन दाखवतेय, सर.”

क्रमांक दोनची पट्टी हिंगमिरे यांच्या खणात होती. दवाखान्यातून मिळालेल्या पिशवीत, बांगड्या आणि चष्म्यासोबत. त्यांनी ती आणून टेबलावर ठेवली. अंबादास यांनी ती उघडली. 

“घाव आहेत,” अंबादास म्हणाले. “पहिल्या वर्षापासून आहेत. पण प्रत्येकावर ‘जाऊ दे’ दाबलेलं आहे. रोज. सकाळी सहा-दहाच्या सुमारास.”

‘जाऊ दे’ ही पट्टीवरची एक कळ होती. तिची गरज तस्नीम यांनीच काढली होती. नर्स सुई टोचते, आई लेकराचा गुंता सोडवताना केस ओढते, त्यांचे हात बधिर होऊन कसे चालेल? म्हणून दुखावलेल्या माणसाला सोय दिली. कळ दाबली की तो घाव थांबून राहतो आणि समोरच्याला काही होत नाही. अंबादास यांनी गमतीने तिला ‘जाऊ दे’ म्हटले आणि तेच नाव राहिले.

पण हिंगमिरे यांनी त्यावर एक अट घातली होती. मारणारा नवरा बायकोला धमकावून कळ दाबायला लावेल. म्हणून कळ रोज दाबावी लागेल. एक दिवस चुकला की आजवर थांबवलेले सगळे घाव एकदम लागू होतील. तेव्हा अंबादास यांनी विचारले होते, माणूस मेला तर? हिंगमिरे म्हणाले होते, “तर लागू होऊ देत. खून करणाऱ्याला मेलेल्याची माफी चालणार नाही.” तिघांनाही ते बरोबर वाटले होते.

“शेवटचं कधी दाबलं?” तस्नीम यांनी विचारले.

“पाच फेब्रुवारी. सहा वाजून बारा मिनिटं.”

“ती पाचला दुपारी गेली,” हिंगमिरे म्हणाले.

“तेव्हा तुम्ही बोलत होता त्यांच्याशी?”

“डॉक्टरांशी बोलत होतो.”

तस्नीम यांनी खिडकीकडे तोंड फिरवले. अंबादास पडद्याकडे पाहत राहिले. हिंगमिरे यांनी आकडा विचारला. अंबादास यांनी सांगितला, तीन हजार सातशे बारा वेळा.

“माझी पट्टी वाजत नव्हती, कारण गिरिजा ती वाजू देत नव्हती,” हिंगमिरे म्हणाले. एखाद्या विद्यार्थ्याची चूक दाखवावी तसे ते बोलत होते. “आणि ती वाजत नव्हती म्हणून आपण ते घर शून्य धरलं. म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक पट्टीतून गिरिजाचा घाव वजा होतो.”

“हो, सर.”

“तुमच्या त्या बाईचा घाव दिसत नाही, कारण तो गिरिजाइतकाच आहे.”

“हो,” तस्नीम म्हणाल्या.

“मला दुःख झालंय का नाही?”

तस्नीम जवळ आल्या. त्यांनी पडद्यावरच्या खालच्या एका रेषेवर बोट ठेवले. “पट्टी बधिर करायच्या आधीचं मोजते, सर. ही तुमची रेषा. आठ महिने अशीच वर आहे. दुःख तुम्हाला होतंय. तुमच्यापर्यंत पोचत नाहीये, इतकंच. रडायला अंग लागतं. ते बंद आहे.”

“किती दिवस बंद राहील?”

“सहा वर्षं, चार महिने,” अंबादास म्हणाले. मग ते घाईघाईने म्हणाले, “सर, मी एका मिनिटात काढतो. थांबलेले घाव पुसून टाकायचे, झालं. तुम्ही मोकळे. आत्ता इथं बसून रडा. आम्ही बाहेर जातो.”

“पुसले तर क्रमांक दोनमधूनही जातील?”

“दोन्हीकडून. ते एकच आहे.”

“मग समितीला काय दाखवणार?”

 गिरिजाबाईंच्या पट्टीशिवाय शून्य चुकल्याचा कुठलाच पुरावा नव्हता. पुसले तर हिंगमिरे यांना आज रडता आले असते आणि गुरुवारी तेच शून्य देशभर गेले असते.

“सर, तुम्ही आठ महिने ह्याचीच वाट बघताय,” तस्नीम म्हणाल्या. “मी आग्रह करणार नाही. माझा अहवाल पुढच्या वर्षी बघू.”

हिंगमिरे यांनी पडद्यावरच्या रेषेकडे पाहिले. ती त्यांची होती. तिच्याकडे पाहून त्यांना काहीच वाटले नाही. त्यांना गिरिजाबाईंचे मनगट आठवले, सकाळी ओट्यापाशी उभ्या असताना. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटे. ते शेजारून पेपर घेऊन जात.

“नको,” ते म्हणाले. “शून्य बदला. तिच्या पट्टीतले घाव धरून नवीन काढा. मागचं कुणाला लागू करू नका, आजपासून पुढचं. माझी सही घ्या.”

“जिल्ह्यात एकदम?”

“पट्टी एकदमच बांधली होती.”

काम दोन तास चालले. साडेअकराला अंबादास यांनी नवे शून्य सगळीकडे पाठवले. दहा मिनिटेही झाली नसतील, त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकरवर घेतला, त्यामुळे आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“अहो, काल दुपारपासून तुम्ही बोलत नाही आहात,” त्यांची बायको म्हणत होती. “आता ही पट्टी विचारतेय, जाऊ दे का म्हणून. काय करू?”

“दाबू नको. म्हणजे, दाब. नाही, थांब! लक्ष्मे, काय झालं होतं ते मी सांगतो. तुझ्या भावानं माझी गाडी नेली त्याचा राग होता. तुझा नव्हता.”

“मग तसं सांगायला काय झालं होतं?”

“तेच की,” अंबादास म्हणाले. त्यांनी एक पाय हलवून पाहिला. “पायाला मुंग्या आल्यात बघ.”

तस्नीम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. अंबादास फोन घेऊन बाहेर गेले. त्यांच्यामागून त्याही गेल्या.

हिंगमिरे यांनी उमाला फोन लावला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

“हं,” ती म्हणाली.

“उमा, बाबा बोलतोय. मला एक सांगायचंय. मधे बोलू नको, मला नीट सांगता येणार नाही.” त्यांनी सगळे सांगितले. घाव, कळ, तीन हजार सातशे बारा, पाच फेब्रुवारी. आवाज एकसारखा होता. “मी रडलो नाही ते त्यामुळे. पण ते निमित्त म्हणून सांगत नाही. आईला मी मारत होतो. दहा वर्षं पट्टीनं मोजलंय, त्याआधीचं मोजलेलं नाही. तुला हे माझ्याकडून कळावं म्हणून फोन केला.”

“आई रोज चहा ठेवला की मनगट दाबायची,” उमा हळू म्हणाली. “मी विचारलं तर म्हणायची, नाडी बघतेय.”

मग ती गप्प झाली. फोन चालू होता. तिच्या मागे कुठेतरी कॉलेजची घंटा वाजली, मुलांचा गलका आला आणि गेला. ती बोलली नाही. हिंगमिरे थांबले. एक मिनिट झाले. दोन झाली.

त्यांची पट्टी थरथरली. त्यांना ते जाणवले नाही, टेबलावर खडखड झाली म्हणून कळले. पट्टीवर अक्षरे होती. घाव. उमा हिंगमिरे. जाऊ दे?

हा प्रश्न कसा विचारायचा ते त्यांनीच ठरवले होते. अकरा वर्षांत तो त्यांना कधी विचारला गेला नव्हता; उमाची पट्टी आजवर जुने शून्य वजा करत होती. त्यांनी छातीत काही होते का ते पाहिले. काही होत नव्हते. पण पट्टी म्हणत होती की त्यांना लागले आहे, आणि पट्टी आता बरोबर मोजत होती.

उमाचा काही दोष नव्हता. अंगठा आपोआप कळेवर गेला. मग त्यांनी पुढचे मोजले. आज दाबायचे, उद्या दाबायचे, रोज सकाळी दाबायचे. ते जिवंत असेपर्यंत उमाला काही कळणार नाही. ते गेले की सगळे तिच्यावर येईल आणि तीही कुठेतरी उभी राहून आपल्याला रडू का येत नाही म्हणून वाट पाहील.

त्यांनी अंगठा काढला.

“उमा,” ते म्हणाले, “मला लागलं.”

“काय?”

“तू बोलत नाहीस ते. दोष देत नाही, सांगतोय. मला जाणवत नाही, पण मला लागलंय.”

पलीकडून श्वास ऐकू आला. मग उमा म्हणाली, “बाबा, माझ्या हातापायांना मुंग्या येतायत.”

“माहीत आहे. थोडंच आहे, काही मिनिटांत जाईल. बोलत राहा, नाहीतर वाढेल.”

“काय बोलू?”

“काहीही. मला शिव्या दे हवं तर. जीभ थोडी जड होईल, इतकंच.”

ती हसली की रडली ते त्यांना फोनवरून कळले नाही.

“आईबद्दल बोलू?” तिने विचारले.

“बोल.”

ती बोलायला लागली. हिंगमिरे यांनी भाजलेला हात मांडीवर ठेवला आणि ऐकत राहिले. मधे मधे ते “हं” म्हणत होते, म्हणजे तिला कळावे की ते आहेत.